छताकडे वळवलेला आरसा

धनाजीराव कदमांनी तेहेतीस वर्षं एकाच घरची गाडी चालवली, आणि एवढ्या वर्षांत मागे बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी आरशात एकदाही पाहिला नाही.

ही वडिलांची शिकवण. दत्ताजीराव संस्थानच्या पागेत होते. संस्थान गेलं, पागा मोडली, तेव्हा बडोद्यातल्याच एका सरदार घराण्याने त्यांना ठेवून घेतलं आणि घोड्यावरचा माणूस मोटारीत बसला. त्या घरी गोषा होता. मोटारीच्या मागच्या काचांना किरमिजी पडदे असत, तारेवर सरकणारे. बायका बसायच्या आधी ड्रायव्हरने समोरचा आरसा छताकडे वळवायचा. त्या उतरून आत गेल्या की मगच खाली करायचा. सहासष्ट साली मुलाच्या हातात किल्ली देताना दत्ताजीरावांनी क्लच-ब्रेकच्या आधी हे सांगितलं होतं. "आधी आरसा वर. मग दार."

पुढे गोषा हळूहळू सैल झाला. सरदारसाहेब गेले, जुन्या शहरातलं घर विकलं गेलं आणि मंडळी वासण्याला बंगल्यात राहायला आली. साहेबांच्या पत्नी जिजाबाई, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणत, दिवाणखान्यात पाहुण्यांमध्ये बसू लागल्या, धनाजीरावांशी समोरासमोर बोलू लागल्या. गाडीचे पडदे मात्र राहिले. काढा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून राहिले. आणि पडदे होते म्हणून आरसाही वरच राहिला. मागून काय येतंय ते धनाजीराव दारांबाहेरच्या दोन आरशांत बघत, नाहीतर कानाने ओळखत. ते जुन्या शहरात वाडीत राहत; तिथल्या नाक्यावरचे रिक्षावाले थट्टा करायचे, "कदमकाका, छताला काय चिकटवलंय? नटीचा फोटो?" धनाजीराव नुसता हॉर्न वाजवत. पडदे वर्षातून दोनदा धुवायला घरी आणत, तेव्हा त्यांच्या पत्नी रखमाबाई ते गच्चीवर वाळत घालायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या लुगड्यांपेक्षा यांना जास्त साबण लागतो."

नव्व्याण्णव साली अँबॅसिडर विकली गेली. आईसाहेबांचा मुलगा विक्रमसिंह याने औषधांच्या एजन्सीत बस्तान बसवलं होतं. त्याने दसऱ्याला रुपेरी रंगाची एस्टीम आणली. नव्या गाडीला पडदे शोभेनात. दोन महिने तसेच गेले. मग मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी, एका कानाला मोबाईल लावून, विक्रमसिंहाने धनाजीरावांना सांगितलं, "धनाजीकाका, काचांना फिल्म लावून घ्या. चारी बाजूंनी. सगळ्यात काळी असेल ती. आईसाहेबांचा पडदा राहिला पाहिजे, लोक काय म्हणतील?" आणि मोबाईलवर हात ठेवून पुढे म्हणाला, "जाऊन नमुने बघून या. तुम्ही निवडाल ती."

"हो राजे," धनाजीराव म्हणाले.

पण 'हो' म्हणतानाच ते मनात आरसे मोजत होते. समोरचा आरसा वर. उरले बाहेरचे दोन. ते पुढच्या दारांच्या काचांमधून बघायचे, आणि त्याच काचा आता काळ्या होणार. दिवसा कसंही निभलं असतं. आईसाहेबांचं बाहेर पडणं मात्र एकच होतं, दर गुरुवारी दिवेलागणीला. वाडीत त्यांची धाकटी विधवा बहीण राहायची, तिच्याकडे तासभर. वासण्याहून निघायचं, अकोट्याचा पूल, दांडिया बाजार, मांडवी, आणि वाडीच्या तोंडाशी गाडी उभी करायची. गेले काही महिने त्या वेळी समोरून येणारे दिवे फुटलेल्या अंड्यासारखे पसरत होते. धनाजीराव काच पुसायचे. मग चष्मा पुसायचे. मग मनाशी म्हणायचे, धूळ फार झाली आहे गावात.

रखमाबाई म्हणाल्या होत्या, "डोळे दाखवून या एकदा."

"ड्रायव्हरने डोळे दाखवले की दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर नसतो," ते म्हणाले होते. वय एकोणसाठ. दुसरं काही येत नव्हतं. वासण्याच्या फाटकातून आत गेल्यावर ते कोणीतरी होते. वाडीत ते नुसते म्हातारे होते.

गोविंदभाईंचं फिल्मचं दुकान प्रतापनगरच्या रस्त्यावर होतं. धनाजीराव दुपारी चारला पायीच पोचले. हल्ली सायकल ते घरीच ठेवत. गोविंदभाईंनी स्टूल पुढे केलं.

"आवो काका, बेसो. कोणती गाडी?"

"एस्टीम. काळी फिल्म पाहिजे."

"काळ्यामध्ये पण सत्तर भाऊबंद आहेत," गोविंदभाई हसले आणि कडीत ओवलेल्या पट्ट्यांचा जुडगा त्यांनी खिळ्यावरून काढला. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्ट्या. एक अगदी दाट, मग धुरकट, मग चहासारखी, शेवटची जवळजवळ पाण्यासारखी. "ही लावली की आत हत्ती बसला तरी कोणाला कळणार नाही. पण पोलीस पकडतो. ही मधली बधाने चाले, सगळ्यांना चालते. ही शेवटची घ्याल तर पैसे फुकट, नुसतं ऊन थांबेल."

धनाजीरावांनी एकेक पट्टी डोळ्याला लावून बाहेर पाहिलं. भर उन्हात सगळ्यांतूनच दिसत होतं.

"संध्याकाळपर्यंत बसू का?" त्यांनी विचारलं.

"इथे?"

"गाडी संध्याकाळी बाहेर निघते. त्या वेळेचं बघायला हवं."

गोविंदभाईंनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "एवढं बघून तर आम्ही पोरगीपण दिली नाही, काका. बसा ना, चा मागवतो."

दोन तास धनाजीराव स्टुलावर बसून राहिले. गोविंदभाई एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर साबणाचं पाणी मारत होते, फिल्म पसरत होते, रबरी पट्टीने खालचं पाणी काठाकडे ढकलत होते. फिल्मखाली एखादा बुडबुडा राहिला की ते चुचकारत, "चाल, बहार निकळ." धनाजीरावांची मान दुखत होती. गेले सहा महिने स्टिअरिंगवर पुढे वाकून वाकून ती अशीच दुखायची. ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि पत्र्यावरून निघून गेलं. रस्त्यावरच्या दुकानांत एकेक दिवा लागला.

आता त्यांनी दाट पट्टी डोळ्याला लावली. रस्ता नव्हताच, नुसते दिवे तरंगत होते. धुरकट पट्टी लावली. दिव्यांच्या मध्ये काहीतरी हलत होतं. चहाच्या रंगाची लावली. तीच हालचाल, थोडी मोठी. पाण्यासारखी लावली. तसंच. मग त्यांनी पट्टी खाली घेतली आणि उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

फरक नव्हता.

त्यांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. पट्टी वर, पट्टी खाली. दिव्यांभोवती तेच पसरलेलं पिवळं, आणि मधे तेच धुकं.

गोविंदभाई हात पुसत मागे येऊन उभे राहिले होते. "पेला शेरडीवाळा देखाय छे? त्या उसाच्या गाडीवाल्यावर बघा, बरोबर अंदाज येईल."

"कुठला?"

"आ रह्यो, सामे!"

उसाची हातगाडी दहा पावलांवर उभी होती. गाडीवाल्याने घुंगरू वाजवलं तेव्हा धनाजीरावांना ती दिसली. म्हणजे आवाज आला तिथे ती आहे असं त्यांनी धरलं. गोविंदभाईंनी पट्ट्या त्यांच्याकडून घेतल्या. त्यांनी जुडगा कागदात गुंडाळून धनाजीरावांच्या हातात दिला. "घरी दाखवा. सावकाश परत आणा." थोडं थांबून म्हणाले, "रस्ता ओलांडून देऊ, काका?"

"नको," धनाजीराव म्हणाले. मग म्हणाले, "द्या."

त्या रात्री जेवताना त्यांनी रखमाबाईंना काही सांगितलं नाही. रखमाबाई काढ्याची बाटली भरत होत्या. दसऱ्यापासून आईसाहेबांना खोकला लागला होता. एरवी नाही, गाडीत बसल्यावरच. पुलावर एकदा, दांडिया बाजारात दोनदा, मांडवीपाशी तर हमखास. खोकला आला की धनाजीराव गाडी हळू करत, म्हातारं शरीर, धक्का नको बसायला. ते ऐकून रखमाबाई दर बुधवारी अडुळशाचा काढा करून देत, आणि धनाजीराव तो दर गुरुवारी आईसाहेबांना नेऊन देत.

"गुण येत नाही म्हणता, तर थोडा ज्येष्ठमध वाढवलाय," रखमाबाई म्हणाल्या. "नव्या गाडीचा वासच बाधत असेल त्यांना. जुन्या गाडीत कधी खोकल्या नव्हत्या."

"हं."

"आणि तुम्ही जेवत का नाही?"

"जेवतोय."

अंथरुणावर पडून त्यांनी मनाशी ठरवलं: पाण्यासारखी फिल्म निवडायची, पोलिसांचं कारण सांगायचं. उत्तराणीपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, ढकलायचं. पुढचं पुढे. पण डोळे मिटले की उसाची गाडी दिसत होती. उघड्या डोळ्यांना दिसली नव्हती तेवढी स्वच्छ.

गुरुवारी साडेपाच वाजता त्यांनी गाडी पोर्चमध्ये लावली, आरसा वर केला, दार उघडलं. आईसाहेब आल्या. पंचाहत्तरीच्या, बारीक चणीच्या, पांढऱ्या लुगड्यात. डोक्यावरचा पदर सावरत त्या डावीकडे बसल्या. धनाजीरावांनी काढ्याची बाटली दिली आणि कागदातला जुडगाही दिला.

"विक्रमराजे म्हणाले सगळ्यात काळी घ्या. पण आईसाहेब, पोलीस हल्ली फार पकडतात. मी म्हणतो ही शेवटची..."

"बघू दे."

ते आपल्या जागेवर बसून समोर बघत राहिले. मागे कडीतल्या पट्ट्यांची बारीक सळसळ होत होती.

"यातून तर काहीच दिसत नाही," मागून आवाज आला.

"बाहेरच्यांना आतलं दिसू नये म्हणूनच ना ती, आईसाहेब. पडद्यासारखं."

"ते झालं बाहेरच्यांचं. मला बाहेरचं दिसायला नको का?"

धनाजीरावांना कळेना. "पण पडद्यातून तरी कुठे..."

आईसाहेब हसल्या. "पडदे, धनाजी, मी लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून चार बोटं सरकवलेले असायचे. तुमच्या वडिलांच्या वेळेपासून. फाटकाबाहेर पडलं की सरकवायचे, फाटकाशी आलं की ओढून घ्यायचे. सासूबाईंना कधी कळलं नाही. तुमच्या वडिलांना नाही, तुम्हाला नाही. आरसा वर असायचा म्हणून तर जमलं. त्या आरशाचे उपकार आहेत माझ्यावर."

धनाजीरावांची नजर छताकडे वळलेल्या आरशावर गेली. तेहेतीस वर्षं ते बंद पडद्यांची गाडी चालवत होते.

"मांडवीच्या चिवडेवाल्याचा पोरगा गल्ल्यावर बसायला लागला तो मी पाहिला," त्या म्हणाल्या. "त्याचे केस गेले तेही पाहिले. अकोट्याला नुसती शेतं होती, ती एकेक करून गेली. आठवड्यातून एक तास मिळतो मला. त्यावर विक्रम काळं लावायला निघालाय, आणि तेही माझ्या नावाने."

"मग ही शेवटचीच सांगतो," धनाजीराव घाईने म्हणाले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. "आईसाहेबांना काळी नको आहे असं सांगतो. निघू या? काढा घेतलात?"

मागे पट्ट्या पुन्हा कागदात गुंडाळल्याचा आवाज आला.

"रखमाबाईंना सांगा, काढा चांगला होता. कडू होता, पण सगळा प्यायले," आईसाहेब सावकाश म्हणाल्या. "मला खोकला नाही, धनाजी."

"नाही कसा? दर गुरुवारी मी ऐकतो."

"दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पुलावर एक सायकलवाला आडवा आला. बिनदिव्याचा. तुम्ही सरळ चालला होतात. मी ओरडणार होते, पण आवाजच फुटेना. खोकलाच आला. तुम्ही लगेच गाडी हळू केलीत. तो वाचला. मग मी तेच करत राहिले. कोणी आडवं दिसलं की खोकायचं."

पोर्चच्या खांबाआडून कुठूनतरी पोरांचा पतंगावरून चाललेला गलका येत होता. धनाजीरावांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"ओरडायचं होतं, आईसाहेब."

"तुमच्यावर?"

धनाजीरावांनी सगळं सांगून टाकलं: गोविंदभाईंचं दुकान, पट्ट्या, उसाची गाडी. "फिल्मचा दोष नाही. काळी लावा नाहीतर लावूच नका, मला सारखंच."

"ठाऊक आहे," आईसाहेब म्हणाल्या. "मीही सांगायला हवं होतं. आज सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू, करत राहिले. तुम्ही गेलात तर नवा माणूस येईल, तो आरसा वर करणार नाही, असंही वाटलं. माझा स्वार्थ." मग म्हणाल्या, "आरसा खाली करा."

"आईसाहेब..."

"करा खाली."

धनाजीरावांनी हात वर नेला. आरसा कुरकुरला. छत सरकलं, मागची काच आली, मग पदराची कड, आणि त्याखाली दोन थकलेले, पण लख्ख डोळे. ते सरळ त्यांच्याकडेच बघत होते. धनाजीरावांनी एकदा पाहिलं आणि नजर खाली केली. मग किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"आज गाडी काढत नाही."

"नका काढू."

"धाकट्या आईसाहेब वाट बघतील."

"बघू दे. फोन करते मी," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. उभ्या गाडीत दोघं बराच वेळ बसून राहिली.

सात वाजता विक्रमसिंह आला, तेव्हा धनाजीरावांनी स्वतःच सांगितलं. दारात उभं राहून, चपला बाहेर काढून. आईसाहेबांच्या खोकल्याचं मात्र सांगितलं नाही. विक्रमसिंह चांगला होता. त्याने मोबाईल खिशात ठेवला, धनाजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला, ओळखीच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. मोतीबिंदूच असेल, हल्ली सोपं झालंय ऑपरेशन, सगळं मी बघतो. "आणि काका, आता आराम करा. खूप केलंत आमच्यासाठी. सोमवारपासून एजन्सीतला एक पोऱ्या येईल गाडीवर."

ऑपरेशननंतर काय, हे त्याने सांगितलं नाही. धनाजीरावांनीही विचारलं नाही. किल्लीबरोबर गाडीतलं पिवळं फडकं द्यायचं की न्यायचं, एवढ्यावरच ते क्षणभर अडले. मग घडी करून त्यांनी ते किल्लीशेजारी ठेवलं.

उत्तराणीनंतर आठवड्याने उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, महिनाभर काढायचा नाही म्हणाले. सगळ्यात काळी निवडली तुमच्यासाठी, असं रखमाबाई म्हणाल्या तेव्हा त्या दोघांनाही जरा हसू आलं. फिल्मचं काय झालं ते गोविंदभाईंच्याच तोंडून कळलं. एस्टीम आली होती. सगळ्या काचांना मधली फिल्म लागली, आणि मागची डावी काच तशीच, बिनफिल्मची ठेवा, असा बंगल्यावरून निरोप होता. "मी सांगितलं, साहेब, पडलेल्या दातासारखी दिसेल. ते म्हणाले, आईसाहेबांचा हुकूम आहे. राखी दीधी, ठेवली तशीच."

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच गुरुवारी दिवेलागणीला धनाजीराव वाडीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. तारांवर कापलेले पतंग अजून लटकत होते, खाली मांजाचे गुंतवळे पडले होते. समोरून गाडी वळली. रुपेरी, आणि एका बाजूला तो पडलेला दात. त्यांनी काळा चष्मा थोडा खाली ओढला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला किती दिसत होतं! नव्या ड्रायव्हरची गुटखा चघळणारी हनुवटी दिसली. त्याच्या डोक्यावरचा आरसा दिसला. खाली होता, सरळ मागे रोखलेला. आधी आरसा वर, मग दार, असं त्याला सांगावं म्हणून ते एक पाऊल पुढे सरले. रस्त्यावर.

गाडीतून खोकला आला. खाली केलेल्या डाव्या काचेतून, एकदा, कोरडा.

धनाजीराव जागच्या जागी थांबले आणि मागे झाले. त्यांच्या डाव्या अंगाने, ज्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं त्या बाजूने, एक स्कूटर सणसणत गेली.

आईसाहेब उतरल्या. बहिणीच्या घराकडे वळताना त्यांनी पदर सावरला, मान किंचित हलवली आणि गल्लीत गेल्या. नवा ड्रायव्हर बॉनेटला टेकून गुटख्याची नवी पुडी फोडू लागला. धनाजीरावांनी त्याला काही सांगितलं नाही. चष्मा नीट वर चढवून, भिंतीच्या कडेकडेने ते घरी आले.

रखमाबाई दिवा लावत होत्या. "भेटल्या आईसाहेब? कशा आहेत?"

धनाजीराव ओट्यावर बसले, मान मागे भिंतीला टेकवली.

"आहेत," ते म्हणाले. "खोकला आहे अजून."